केसपेपरवर लिहिलेली कडी

माझं कुजबुजणं भाट्याच्या पुलावर ऐकू जातं, असं आमच्या वॉर्डातले पेशंट म्हणायचे. ही अतिशयोक्ती आहे. पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंतच जायचं. बत्तीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात नर्स होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते आवाजावरून ओळखतील. या बत्तीस वर्षांत मी टोचलेल्या सुया एकापुढे एक मांडल्या तर राजापूरच्या एसटी स्टँडपर्यंत सहज जातील, आणि उरलेल्या परत येतील. आमचे हे निवृत्त शिक्षक. त्यांनी हा लेख वाचून समासात लाल पेनानं चार ठिकाणी 'खरं का?' असं लिहिलंय. चारातली तीन वाक्यं मी काढली. सुयांचं ठेवलं.

संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' मागितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सापाचं विष, रिक्षात झालेली बाळंतपणं, असलं काही असणार. ते सगळं माझ्याकडे गोणीभर आहे, आणि दर वर्षी थोडं वाढतंही. पण मला लिहायचंय ते वेगळंच. अपंग माणूस वॉर्डात आला (सरकार आता दिव्यांग म्हणतं, म्हणू दे, पलंग तोच असतो) की आम्ही नर्सा त्याचं सगळं बघतो. लघवी बघतो, शौच बघतो, पाठीवरच्या जखमा बघतो, जीभ बाहेर काढायला लावून तीही बघतो. पण त्याच शरीराला कुणाच्या तरी जवळ जावंसं वाटत असेल, यासाठी आमच्या एकाही रजिस्टरात रकाना नाही. आणि जिथे रकाना नाही तिथे आम्ही विचारत नाही.

मला याचा पहिला धडा दिला लांज्याकडच्या एका आंधळ्या बाईनं. तीन मुलं झालेली, चौथं नको होतं. संततिनियमनाच्या गोळ्यांचं पाकीट तिच्या सासूच्या कनवटीला. सासूला आठवली तर गोळी मिळायची, नाहीतर देवाची मर्जी. मी तिला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते. मधेच ती म्हणाली, "बाई, माझे डोळे गेलेत. कान नाय गेले." मग मी आवाज खाली आणला, म्हणजे माझ्या मानानं. एक टाचणी घेतली आणि पाकिटावर जिथून वेगळ्या रंगाच्या गोळ्या सुरू होतात तिथे एक भोक पाडून पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं बोट फिरवलं आणि हसली. पाच वर्षांत ते पाकीट पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हातात आलं होतं. चौथं मूल झालं नाही. टाचणीनं कुटुंबनियोजन करणारी मी जगातली एकमेव नर्स असावी. इथे लाल पेनानं काही लिहिलेलं नाही, तेव्हा खरंच असणार.

पुढे एकदा मला मुंबईला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणाऱ्या बाई स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "तुमच्यापैकी कितीजणींनी पेशंटला विचारलंय, की घरी तुमचं दोघांचं कसं चाललंय?" पस्तीस नर्सा एकदम छताकडे बघायला लागल्या. छतावर काही नव्हतं, मी खात्री केली. तिथे मी पाच दिवसांत जे शिकले ते वहीत लिहून आणलं, वही कपाटात ठेवली, आणि कपाटाची किल्ली हरवली. काही महिन्यांनी नितीन आला.

ही गोष्ट नितीनची. ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय, नावं बदललीत.

नितीन पूर्णगडचा, वय एकोणतीस. बाप होडीवर होता, तो समुद्रातच गेला, म्हणून आईनं ह्याला पाण्याकडे जाऊ दिलं नाही. हा कलमांवर चढायला लागला. कलम म्हणजे आमच्याकडे हापूसचं झाड. हंगामात हा दिवसभर फांद्यांवर असायचा, हातात घळ. घळ म्हणजे टोकाला जाळी बांधलेली लांब काठी. तिनं देठासकट आंबा अलगद जाळीत उतरवायचा. आंब्याला ओरखडा गेला तर बागवाला बोंबलतो. नितीनच्या आंब्याला कधी ओरखडा गेला नाही. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा घरामागच्याच बागेत फांदी मोडली आणि हा पाठीवर पडला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. मग आमच्या वॉर्डात दीड महिना. बेंबीच्या खाली ना हालचाल, ना संवेदना.

आणि इथे माझी चूक आहे, ती आधी सांगून टाकते.

अशा पेशंटला घरी पाठवताना लघवीची नळी आणि पिशवी बरोबर जाते. पिशवी वेळेवर रिकामी करायची, नळीची जागा स्वच्छ ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. हे घरच्या कुणाला तरी शिकवावं लागतं. आमच्या वॉर्डाची पद्धत अशी, की जो पुढे उभा असेल त्याला शिकवायचं. नितीनच्या उशाशी त्याची आई उभी असायची, सुभद्राकाकी. बायको, मानसी, पायथ्याशी, हातात थर्मास. मी काकींना शिकवलं. बाई एका सकाळीत शिकली. मी सगळ्या वॉर्डासमोर तिची पाठ थोपटली, म्हणाले, काकी, तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या नर्स झालात. काकी माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील, पण लाजल्या. मानसी थर्मास धरून उभी होती. तिला मी फक्त एवढंच म्हणाले की चहा गार होतोय.

एवढं करून मी एका घराचा संसार उलटा टांगला, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

जुलैत एक दिवस मानसी एकटीच आली. घरी रेशनचं काम सांगून निघाली होती. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली, पाणी प्यायली, परत उभी राहिली. मी तीनदा तिच्यासमोरून गेले. चौथ्यांदा तिनं मला अडवलं.

"बाई, ता नळीचा काम आयेला शिकवलात. मला का नाय शिकवलात?"

मी म्हणाले, आई पुढे उभी होती.

"ती पुढंच असते," मानसी म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. नितीन घरी आल्यापासून त्याच्या खोलीत आई झोपते. पिशवी भरते, कूस बदलायची असते, आणि नळीचं काम आईला येतं. मानसी चुलीजवळ झोपते. दोन महिन्यांत एक कप चहा संपेल एवढा वेळसुद्धा ती नवऱ्याजवळ एकटी बसलेली नाही. मुंबईहून तिचा भाऊ विलास फोन करतो, गणपतीला येतोय, बॅग भरून ठेव, तुझं अजून वय आहे, पुढचं बघू. सासूही तेच म्हणते, आणि छळ म्हणून म्हणत नाही. मानसीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, की पोरी, तुझ्या जन्माची माती करू नको.

"सगळी माझ्या भल्याचाच बोलतात," मानसी म्हणाली. "मला जायाचा नाय, बाई. पण निसती सून म्हणून नाय ऱ्हायाचा. बायको म्हणून ऱ्हायाचा हाय."

मी विचारलं, नितीन काय म्हणतो?

"तो भिंतीकडं तोंड करतो."

मी त्या दिवशी कपाटाचं कुलूप फोडलं आणि ती वही काढली.

आता माझा स्वभाव असा, की चूक लक्षात आली की ती दुप्पट जोरानं दुरुस्त करायची. मनात ठरवून टाकलं: काकींना शिकवलं ते मानसीला शिकवायचं, सासू खोलीबाहेर, सून आत, झालं. नळी बदलायची म्हणून नितीनला दोन दिवस वॉर्डात घेतलं. काकींना औषधांच्या रांगेत पाठवलं. आमची औषधांची रांग म्हणजे माणूस दाढी करून उभा राहिला तर खिडकीपाशी पोचेपर्यंत परत दाढी वाढते. मग पलंगाभोवती पडदा ओढला, नितीनच्या कानाजवळ वाकले आणि अगदी कुजबुजत विचारलं,

"नितीन, बायकोच्या जवळ जावंसं वाटतं का?"

बावीस पुरुषांचा वॉर्ड शांत झाला. पंखा फिरायचा थांबला. बाहेर पिंपळावरचा कावळासुद्धा माझ्याकडे बघायला लागला. आणि नऊ नंबरच्या पलंगावरचे, कमरेचं हाड मोडलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, त्याला उत्तर जरा मोठ्यानं द्यायला सांगा. इकडं ऐकू येत नाय."

सगळा वॉर्ड हसला. मला पडद्यातच कुठेतरी विरून जावंसं वाटलं, पण माझ्या आकाराच्या बाईला ते जमत नाही. आणि तेवढ्यात बघते तर नितीन हसत होता. डोळ्यांतून पाणी, पण हसत होता. त्याच्या आईनं नंतर सांगितलं, की पडल्यापासून तो हसल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. बत्तीस वर्षांत मी केलेली सगळ्यात यशस्वी चूक ती हीच.

त्याला खुर्चीत बसवून मी चादरींच्या खोलीत नेलं. आमच्या वॉर्डात दार लागेल अशी तेवढी एकच जागा. तिथे मी माझा बेत सांगितला, की मानसीला नळीचं सगळं शिकवते, म्हणजे आईला रात्री तिथे थांबावं लागणार नाही.

"तिला नको," नितीन म्हणाला.

मी म्हणाले, अरे, ती स्वतःहून तयार आहे.

"आये नळी धरते तेव्हा मी तिचा पोर होतो, बाई. मानसीनं धरली तर तिचा पन पोर होईन. मग बायको कुठनं आनू?" त्यानं स्वतःचे हात पुढे केले. "मलाच शिकवा की."

मी गप्प झाले. माझ्या नोकरीत असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही एका हाताची बोटं पुरतात. मला ती लांज्याची बाई आठवली, आणि पाकिटावरून फिरलेलं तिचं बोट. तिच्याकडून शिकलेलं मी साफ विसरले होते. नितीनच्या बाबतीत मी आईचा विचार केला होता, बायकोचा केला होता. ज्याचं शरीर त्याच्या हातात काही देण्याचा विचार मला शिवला नव्हता.

यात अवघड काही नसतं, ते सांगते. कायमची नळी काढून टाकायची आणि दिवसातून चार-पाच वेळा एक बारीक नळी स्वतःच्या हातानं घालायची, लघवी पूर्ण काढायची, नळी बाहेर. हात साबणानं धुवायचे, नळी धुऊन वाळवून स्वच्छ डब्यात ठेवायची. पाणी किती प्यायचं, कधी प्यायचं, ते ठरवून घ्यायचं. कुणाला हे चालेल आणि कुणाला नाही, ते डॉक्टर तपासून सांगतात. आमच्याकडे नुकतेच आलेले डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे आणि स्वभावानं नव्या नवरीएवढे लाजरे. त्यांनी नितीनला तपासलं आणि हो म्हणाले. वॉर्डातला मुक्काम थोडा वाढवला आणि नितीन तीन दिवसांत शिकला. आंब्याला ओरखडा न काढणारे हात ते. दुसऱ्या दिवशी मी त्याला काही सुचवायला गेले, तर म्हणाला, "बाई, खालनं बोलू नका. चढलेल्या मानसाला खालनं सांगायचा नसता." मी दाराशी जाऊन उभी राहिले.

राहिलं दुसरं. हे दिवाळी अंकात लिहावं का, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. लिहितेच, कारण हा अंक अशाच एखाद्या घरात, अशाच एखाद्या माणसाच्या हातात पडेल, आणि त्याला दुसरं कुणी सांगणार नाही. मी नितीन आणि मानसी दोघांना चादरींच्या खोलीत एकत्र बसवलं आणि वहीत बघून सांगितलं. मणका दुखावला म्हणजे इच्छा मरत नाही, ती डोक्यात असते. खाली जाणवत नसलं तरी स्पर्शानं शरीर स्वतःहून प्रतिसाद देऊ शकतं. कुणाचं देतं, कुणाचं कमी देतं, मार कुठे बसलाय त्यावर ते असतं. नाही दिलं तर त्यालाही उपचार आहेत, मात्र डॉक्टरांनाच विचारून, मित्राच्या खिशातल्या गोळ्या नाहीत. आधी लघवी काढून घ्यायची. नंतर पाठ आणि कंबर बघायची, कुठे लाल झालंय का. जिथे संवेदना शाबूत आहे, मान, कान, छाती, तिथली ती पुष्कळदा आधीपेक्षा जास्त जागी होते. घाई करायची नाही. मूल हवं असेल तर तेही अशक्य नाही, डॉक्टरांची मदत लागेल.

मानसीनं एकच विचारलं, त्याला दुखणार नाही ना. नितीननं विचारलं, तिला चालेल का. दोघांनीही मला विचारलं. मी म्हणाले, माझ्याकडे कशाला बघता, एकमेकांना विचारा, मी तोवर चादरी मोजते. भिंतीकडे तोंड केलं आणि मोजायला लागले. पहिल्यांदा एकशे चाळीस भरल्या, दुसऱ्यांदा एकशे बारा. माझ्या पाठीमागे ते काय बोलले ते मला खरंच ऐकू आलं नाही. मला कुजबुजता येत नाही, पण इतरांना येतं.

शेवटी मानसी म्हणाली, "पन बाई, खोलीला दारच नाय. जुन्या लुगड्याचा पडदा हाय."

म्हणून नितीनला घरी सोडताना मी केसपेपरवर सल्ल्याच्या रकान्यात लिहिलं. एक, दिवसातून पाच वेळा नळी, रुग्ण स्वतः करील. दोन, पाण्याचं वेळापत्रक. तीन, त्वचा रोज तपासणे. चार, खोलीला दार बसवणे, आतून कडी. डॉक्टरांनी चौथा मुद्दा दोनदा वाचला, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी सही करून शिक्का मारला. आमच्या भागात शिक्क्याच्या कागदाला काय मान असतो ते तुम्हाला माहीत नसेल. ग्रामपंचायतीचा ठराव त्यापुढे पतंगाचा कागद.

आठ दिवसांत सुभद्राकाकी आल्या. केसपेपर हातात, चौथ्या ओळीवर बोट.

"ह्या कसला औषध?"

मी समजावायला सुरुवात केली, दोघांना एकांत हवा वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"दार होता, बाई. पडला त्या दिवशी तेच दार काढला नि त्याच्यावर घालून त्याला रस्त्यापर्यंत नेला. चौघांनी उचललेला, पुढं मी." त्यांनी केसपेपरवरचं बोट उचललं. "आता मागल्या पडवीत उभा हाय. मी त्याच्याकडं बघत नाय. आन् तुमी सांगता, ता लावा, नि वर आतनं कडी घाला. आत त्याला काय झाला तर मी काय करू? फोडू?"

 मी नेहमी बोलायला सुरुवात करते आणि उत्तर वाटेत सापडतं. त्या दिवशी वाटेतही सापडेना. म्हणून खरं तेच बोलले.

"काकी, चूक माझी आहे. मी तुम्हाला नळी शिकवली, त्याच दिवशी मानसीला खोलीबाहेर काढलं. तुम्ही त्याला एकदा लहानाचा मोठा केलात. तो मोठाच आहे. परत लहानापासून सुरू करू नका."

 काकींनी केसपेपरची घडी घातली, कमरेला खोवली. जाताना वळून विचारलं,

"मग माजा काय काम?"

हे त्यांनी भांडायला विचारलं नव्हतं.  त्या निघून गेल्या.

पुढे महिनाभर मानसीचे फोन यायचे. नळी तो स्वतः घालतो. कूस स्वतः बदलतो, पलंगाला दोर बांधलाय. दोनदा खुर्चीतून अंगणात आला. पण दार अजून मागच्या पडवीत. काकी खोलीतच झोपतात, त्यांना काही म्हणायची कुणाची छाती नाही. गणपतीच्या आधीचा शेवटचा फोन एवढाच होता, की दादा पाचव्या दिवशी येतोय आणि दोघांची परतीची तिकिटं काढलीत त्यानं.

पाचव्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि दुपारची गाडी पकडून पूर्णगडला गेले. मी बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातली, पण मोदक कुणाच्या देवाचा आहे हे विचारायची माझी पद्धत नाही. शिवाय निमंत्रण नव्हतं, म्हणजे नाकारायचा प्रश्नच नव्हता.

पोचले तेव्हा तीन वाजले असतील. ओटीवर बाकड्यावर विलास बसलेला, पायाशी बॅग. वाईट माणूस नव्हता. नालासोपाऱ्याला राहतो, टेम्पो चालवतो, बहिणीसाठी रात्र जागून नुकताच पोचला होता. मला नर्स म्हणून ओळखल्यावर त्यानं सरळ मलाच विचारलं, "सिस्टर, तुम्हीच सांगा. माझी बहीण चोवीस वर्षांची आहे. इथे राहून तिनं काय करायचं?"

मी काही बोलायच्या आत त्यानं आत बघून मोठ्यानं हाक मारली, "मानशे, आटप की, गाडी सुटेल."

तेव्हा मला काकी दिसल्या. माजघरात विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. आणि त्यांच्या पाठीमागे लुगडं नव्हतं. दार होतं. जुनं, सागवानी, एका कोपऱ्याला चिखलाचा डाग. बंद.

काकींनी अर्धी वाटी धरलेला हात वर केला.

"वरडू नका. दोगा आत हायत. आतनं कडी हाय."

विलासचं तोंड उघडंच राहिलं. मी आनंदानं काहीतरी बोलायला पुढे झाले, तर काकींनी तोच हात माझ्याकडे वळवला.

"तुमी पन हळू, बाई."

आणि मी कुजबुजले. खरंखुरं. ओटीवरच्या विलासला ऐकू गेलं नाही. साक्षीला मखरातला गणपती होता, आणि त्याचे कान सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या ह्यांनी या वाक्याशेजारी 'अशक्य' असं लिहिलंय. ते त्या दिवशी तिथे नव्हते.

मी विचारलं होतं, दार कधी लावलंत?

"परवा," काकी म्हणाल्या. सुतारानं केसपेपर वाचला, शिक्का बघितला, आणि विचारलं की ही कडी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर. काकींनी त्याला त्याच्याच पटाशीनं हाकललं असतं, पण काम अर्धं झालं होतं. हे सांगताना त्या खोबरं खवत होत्या आणि पाठ दाराला टेकलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला थोपवायला गावात याहून भक्कम माणूस मिळाला नसता.

आत काय चाललं होतं मला माहीत नाही. पत्ते खेळत असतील. भांडत असतील. कुणाला माहीत नसावं म्हणूनच तर कडी असते. विलास बाकड्यावर बसून राहिला. एकदा घड्याळ बघितलं, एकदा बॅग पायानं मागे सरकवली. अर्धा नारळ खवून झाला, दुसरा अर्धा सुरू झाला.

मग कडी वाजली. काकी उठून बाजूला झाल्या, विलासही उभा राहिला. दार उघडलं ते नितीननं, खुर्चीत बसून. सदऱ्याची बटणं एका घरानं चुकलेली. मानसी मागे उभी, केस नुकते बांधलेले.

"दादा, कधी आलास?" ती म्हणाली. "चाय घेतलीस?"

"बॅग भरलीस का?" विलासनं विचारलं, पण हळू.

"नाय भरली. तू उगाच दोन तिकिटा काढलीस. मी येत नाय."

विलासनं बहिणीकडे बघितलं, मग नितीनकडे. वॉर्डात त्यानं पाहिलेला नितीन भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. हा खुर्ची पुढे घेत ओटीपर्यंत आला आणि म्हणाला, "दादा, बसा. तुमच्या मनात काय हाय ता तिला नको, मला इचारा. कितीपन इचारा."

विलास उभा होता तो बसला. दोघं किती वेळ बोलले, काय बोलले, ते मी ऐकलं नाही. मी चुलीजवळ मोदक मोजत होते, आणि इथे मोजणीत माझी चूक झाली नाही. सात खाल्ले. मला एवढंच माहीत आहे की संध्याकाळच्या गाडीला विलास एकटा गेला आणि जाताना त्यानं नितीनचा हात हातात घेतला. आणखी एक. बॅग उचलताना विलासची नजर दारावर गेली. कडी होती जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, आणि बरंच वर, जिथे कडी असायला हवी तिथे, खिळे काढलेल्या जागी चार भोकं.

"काकी, ही अशी खाली का लावली?" त्यानं विचारलं.

काकी खोबऱ्याचं ताट उचलून आत चालल्या होत्या. न थांबता म्हणाल्या,

"सुतारानं वरच ठोकलेली. मी काढायला लावली. तो खुर्चीत असतो. लावायची कधी, काढायची कधी, ता त्याच्या हाताला नको?"

केसपेपरवर मी उंची लिहिली नव्हती.